जेलचे ठिपकेवाले कण की रंगीत बीड्स?

एकाच नमुन्यात (रक्त वगैरे) दहा-वीस टेस्ट एकदम करायच्या, प्रत्येक टेस्टचे बारीक कण वेगळे, म्हणजे कुठला कण कुठल्या टेस्टचा हे ओळखायला खूण लागतेच, आणि खरा फरक तिथेच आहे. रंगीत बीड्स म्हणजे पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या बारीक गोळ्या, त्यात दोन फ्लुरोसंट (चमकणारे) डाय कमीजास्त भरलेले, प्रत्येकाच्या 10 पातळ्या धरल्या की 100 कोड, संपलं. रेडीमेड मिळतात, मशीन भराभर वाचतं, घाई असेल तर सरळ हेच घ्या.

हायड्रोजेलच्या (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलच्या) कणांची गंमत वेगळी. पीईजी डायअ‍ॅक्रिलेटचं (यूव्ही प्रकाशात घट्ट होणारं रसायन) द्रावण बारीक चॅनेलमध्ये सोडायचं, फ्लो थांबवायचा, मास्कमधून (आकार काढलेली फिल्म) क्षणभर यूव्ही मारायचा की मास्कच्या आकाराचा कण तयार, आणि चॅनेलच्या पीडीएमएसच्या (सिलिकॉन रबर) भिंतीतून झिरपणारा ऑक्सिजन कडेचं जेल घट्ट होऊच देत नाही म्हणून कण भिंतीला चिकटत पण नाही! एका टोकाला ठिपक्यांचा बारकोड, दुसऱ्या टोकाला प्रोब, म्हणजे जे शोधायचं ते पकडणारे रेणू. 2007 मध्ये एमआयटीत असे कण दाखवले तेव्हा दहा लाखांवर कोड शक्य होते. प्रोब नुसते पृष्ठभागावर नाही तर जेलच्या आतपण असतात, त्यामुळे सिग्नल चांगला येतो. पण मोठं प्रोटीन आत शिरायला वेळ खातं, जाळी दाट झाली तर शिरतच नाही. शिवाय कण उलटा पडला की कोडपण उलटा वाचला जातो, म्हणून दिशा कळायला एक वेगळी खूण ठेवायचीच (हे विसरलात तर बसा डोकं धरून).

मायक्रोआरएनएसारखं (पेशीतले आरएनएचे छोटे तुकडे) अगदी थोडं असलेलं काही शोधायचं असेल तर मी जेलच घेईन, कटकट असली तरी.