टेंडर अलर्टची पेड सर्व्हिस: रोजच्या मेलसाठी नको, जुन्या निकालांसाठी जरूर

आमचं काम बिल्डिंगच्या साफसफाईचं आणि देखभालीचं, आणि शहराच्या सरकारला हे काम कायम लागतंच, ऑफिसं झाली, दवाखाने झाले, वाचनालयं झाली, म्हणून महापालिकांची टेंडरं शोधून रोज मेल करणारी एक पेड सर्व्हिस घेतली आणि आता बरेच महिने वापरतेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, खाली लिहिलेल्या अडचणी या प्रकारच्या सर्व्हिसमध्येच असतात, एकाच कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, हे लोक जे विकतात ते बहुतेक सगळं फुकट उघडं असतं. ठरावीक रकमेच्या वरची सरकारी खरेदी सहसा जाहीर करावी लागते. न्यूयॉर्क शहराचं ‘सिटी रेकॉर्ड’ हे सरकारी जाहिरातींचं पत्र 1873 पासून निघतंय आणि आता ते ऑनलाइन कुणीही बघू शकतं, युरोपियन युनियनमध्ये ठरावीक रकमेच्या वरची कामं ‘टेंडर्स इलेक्ट्रॉनिक डेली’वर येतात, ब्रिटनचं ‘फाइंड अ टेंडर’ आहे, भारतात सरकारी ई-टेंडर पोर्टलं आहेत. म्हणजे आपण पैसे माहितीचे देत नाही, दहा ठिकाणी रोज कुणीतरी चक्कर मारून येतं त्याचे देतो. तुम्ही एकाच शहरात काम करत असाल तर त्या शहराच्या पोर्टलवर रजिस्टर करा, तिथलाच फुकट अलर्ट असेल तर तो चालू करा, झालं. पेड सर्व्हिसची गरज दोन-चार शहरं आणि वेगवेगळी खाती सांभाळायची असतील तेव्हाच लागते.

मेलची क्वालिटी म्हणाल तर सुरुवातीला डोकं फिरतं. साफसफाई असा कीवर्ड टाकला की नालेसफाई येते, टाकी धुण्याचं येतं, डेटा क्लीनिंगचं सॉफ्टवेअरसुद्धा येतं, आणि आपल्या कामाचं टेंडर मात्र ‘फॅसिलिटी मॅनेजमेंट’ किंवा ‘मनुष्यबळ पुरवठा’ या नावाखाली दडलेलं असतं. यावर उपाय एकच, शब्दांवर न जाता कॅटेगरी कोडवर, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या कामाला दिलेल्या ठरावीक नंबरवर, फिल्टर लावायचा. युरोपात सीपीव्ही कोड चालतात, त्यात 90910000 म्हणजे साफसफाईच्या सेवा. अमेरिकेत नाइक्स कोडमध्ये हेच काम 561720 मध्ये येतं. जिथे कोड नाहीत तिथे जुनी टेंडरं काढून खातं स्वतः कुठले शब्द वापरतं ते बघायचं आणि तेच कीवर्ड टाकायचे. हे केल्यावर मेल कामाचे झाले, पण सर्व्हिसवाल्यांनी पहिल्याच दिवशी हे बसवून द्यायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं, कारण ज्याला माहीत नाही तो कंटाळून मेल उघडणंच सोडून देणार.

मेलमधलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे शुद्धिपत्रकाचा अलर्ट. टेंडर निघाल्यावर तारीख वाढते, कामाच्या यादीतली परिमाणं बदलतात, अटी बदलतात आणि हे सगळं कुठेतरी खाली एका छोट्या फाइलमध्ये टाकलेलं असतं, ते न बघता जुन्या यादीवर दर भरले तर बोली थेट बाद होऊ शकते, दर कितीही चांगला असो. ज्या टेंडरला ‘फॉलो’ केलंय त्यात काहीही हललं की मेल येतो. पण टेंडर त्यांच्याकडे दिसायलाच कधी कधी दोन-तीन दिवस उशीर होतो, आणि मुदत कमी असली की तेवढ्यात प्री-बिड मीटिंग (बोली भरण्याआधी शंका विचारायची बैठक) किंवा जागेची पाहणी हातची जाते. काही टेंडरमध्ये पाहणी सक्तीची असते, ती चुकली की विषय संपला. म्हणून ज्या दोन-तीन खात्यांवर खरंच डोळा आहे त्यांची पोर्टलं मी आजही स्वतः बघते.

आता ज्यासाठी मी सबस्क्रिप्शन पुन्हा भरणार आहे ते. निकालांचं आर्काइव्ह. कुठलं काम कुणाला मिळालं, किती रकमेला, किती जणांनी बोली लावली, करार किती वर्षांचा. सेल्सवाले याच्याबद्दल फारसं बोलत नाहीत, सगळा जोर ‘रोज ताजी टेंडरं’ यावर, पण माझ्या मते धंदा इथूनच मिळतो. समजा तीन वर्षांचा करार 2023 मध्ये दिला गेलाय, तर 2026 मध्ये ते काम बहुधा पुन्हा निघणार (मुदतवाढीचं कलम आहे का तेवढं बघून घ्या), म्हणजे जाहिरातीची वाट बघायची गरजच नाही, सहा महिने आधीपासून अनुभवाचे दाखले, ताळेबंद, बँक गॅरंटीची सोय या तयारीला लागता येतं. टेंडर निघाल्यावर जो ही कागदं गोळा करायला पळतो त्याचा निम्मा वेळ त्यातच जातो आणि दराचा हिशोब शेवटच्या रात्री होतो. दुसरं म्हणजे सलग काही वर्षांचे निकाल शेजारी शेजारी ठेवले की दर कुठे स्थिरावतो ते कळतं, आणि कुणी खर्चाच्याही खाली दर टाकून काम उचलतंय का तेही दिसतं. अशा ठिकाणी मी बोली लावत नाही, मजुरांचा पगार कापून साफसफाई परवडवायची हे मला मान्य नाही.

काही ठिकाणी तर याहूनही जास्त उघडं असतं. युक्रेनने 2016 मध्ये सरकारी खरेदीसाठी ‘प्रोझोरो’ ही ऑनलाइन टेंडर सिस्टिम सक्तीची केली, तिथे लिलाव संपला की हरलेल्यांच्या बोलीही सगळ्यांना दिसतात. न्यूयॉर्कच्या ‘चेकबुक एनवायसी’ या शहराच्या खर्चाच्या वेबसाइटवर करार तर दिसतातच, शहराने कुणाला कधी पैसे दिले तेही दिसतं. माझ्या सर्व्हिसमध्ये पेमेंटची ही माहिती नाही आणि हा मोठा अभाव आहे, कारण छोट्या धंद्याला काम न मिळाल्याने जेवढा त्रास होत नाही तेवढा बिल अडकल्याने होतो. बिल निघेपर्यंत पगार आपल्याच खिशातून, वर अनामत अडकलेली. ब्रिटनमध्ये सरकारी करारात 30 दिवसांत पैसे देण्याची अट असते आणि ती खाली सब-कॉन्ट्रॅक्टरपर्यंत लागू होते, तुमच्याकडे काय अट आहे ते टेंडरच्या कागदात शोधा आणि त्या खात्याचं काम करणाऱ्या दोघांना विचारा.

आर्काइव्हचा आणखी एक उपयोग, टर्नओव्हरच्या (वर्षाच्या उलाढालीच्या) अटीत न बसणाऱ्यांसाठी. युरोपियन युनियनच्या 2014 च्या नियमांनुसार मागितलेली किमान उलाढाल सहसा कामाच्या अंदाजित किमतीच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पण सगळीकडे असं संरक्षण नसतं आणि नव्या माणसाला दारातच अडवलं जातं. मग जिंकणाऱ्यांची यादी काढा आणि त्यांना फोन करा, मोठ्या ठेकेदाराला एखाद्या भागासाठी भरवशाचा सब-कॉन्ट्रॅक्टर हवाच असतो. आम्हाला पहिलं सरकारी इमारतीचं काम असंच मिळालं, आणि त्याचा दाखला पुढे स्वतःच्या बोलीला लावता आला (सब-कॉन्ट्रॅक्टचा अनुभव चालतो का हे मात्र प्रत्येक टेंडरमध्ये वाचा, आणि स्पष्ट नसेल तर प्रश्नांच्या मुदतीत लेखी विचारा).

एक गोष्ट कुठलाच अलर्ट दाखवणार नाही, ती म्हणजे छोटी खरेदी. ठरावीक रकमेच्या खालच्या कामांचं अनेक ठिकाणी टेंडर निघतच नाही, खातं आपल्या यादीतल्या दोन-तीन पुरवठादारांकडून कोटेशन मागवतं आणि काम देतं. त्या यादीत नाव नसेल तर तुम्ही त्यांच्यासाठी अस्तित्वातच नाही. नोंदणी करा, कामाचे कोड नीट निवडा, फोन नंबर बदलला की लगेच अपडेट करा. नव्या माणसासाठी पहिली पायरी हीच आहे आणि सबस्क्रिप्शन त्याच्या नंतर.

तीन स्टारच का, तर त्यांच्या ‘बिड सपोर्ट’च्या, म्हणजे बोली भरायला मदत विकणाऱ्या, फोनमुळे. जास्त पैसे भरा, आम्ही काम मिळवून देतो. सरकारी टेंडरमध्ये असं कुणीही प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही, आणि जो म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. फाइल अपलोड करायला मदत घ्या हवं तर, पण टेंडरचे कागद पहिल्या पानापासून स्वतःच वाचा. हरलात तर कारणं लेखी मागा, गुणांची फोड मागा. युरोपात निकाल कळवल्यापासून करारावर सही होईपर्यंत मोठ्या कामांना किमान 10 दिवस थांबावं लागतं, ते एवढ्यासाठीच, की कुणाला हरकत घ्यायची तर घेता यावी.

घेणार असाल तर ट्रायल मागा आणि ट्रायलमध्ये पुढची टेंडरं बघत बसू नका. आपल्या शहराच्या पोर्टलवरून गेल्या महिन्यातली तुमच्या कामाची टेंडरं हाताने काढा आणि त्यातली किती या सर्व्हिसमध्ये आहेत, कुठल्या तारखेला आली, शुद्धिपत्रकं जोडलेली आहेत का, निकाल भरलेले आहेत का ते तपासा. निकालांचा कॉलम रिकामा असेल तर पैसे भरू नका.