फांद्या छाटायला स्वस्तातली कॉर्डलेस रेसिप्रोकेटिंग करवत: वर्षभर वापरल्यानंतर

अंगठ्यापेक्षा जाड आणि मनगटापेक्षा थोड्या जाड, एवढ्या टप्प्यातल्या फांद्या छाटायच्या असतील तर बॅटरीवरची स्वस्त रेसिप्रोकेटिंग करवत, म्हणजे सरळ पातं भरभर पुढे-मागे करून कापणारी, पुरते. त्याहून बारीक डहाळ्यांना ती नकोच. पातं कापायच्या ऐवजी डहाळीलाच गदागदा हलवतं आणि आपण मूर्खासारखे तिच्यामागे करवत घेऊन फिरत राहतो. तिथे कात्री किंवा लांब दांड्याचा लॉपर (दोन्ही हातांनी चालवायची मोठी कात्री) निम्म्या वेळात काम उरकतो.

माझी करवत नावाजलेल्या कंपनीची नाही. डब्यावर २१ व्होल्ट लिहिलंय, बॅटरी २ अँपिअर-अवरची, बॅटरीसकट वजन दोन किलोच्या आसपास, पात्याची चाल २० मिलिमीटर. यातला चालीचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच जाहिरातीत बारीक अक्षरात असतो.

आधी व्होल्टचं बघू. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२. असे पाच ओळीने जोडले की १८ व्होल्ट, आणि काठोकाठ भरल्यावर २१. म्हणजे १८, २० आणि २१ असे वेगवेगळे आकडे मिरवणाऱ्या करवतींच्या बॅटरीत बहुधा तेच पाच सेल असतात. याच आकाराच्या बॅटरीवर कुणी ४८ किंवा ८८ छापलं असेल तर ते मॉडेल सरळ सोडून द्यावं. बॅटरीवर वॉट-अवर शोधा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ गुणिले २ म्हणजे ३६, ४ अँपिअर-अवर असेल तर ७२. काम किती वेळ चालणार ते या आकड्यावर ठरतं.

आता चाल, म्हणजे पातं एका फेरीत किती पुढे-मागे होतं ते. दोन्ही हातांनी धरायच्या मोठ्या करवतींमध्ये ती २८ ते ३२ मिलिमीटर असते, लहान करवतींमध्ये बरीच कमी. चाल लांब असली की दात्यांमधला भुसा कापाबाहेर पडतो. आखूड असली की ओला भुसा आतच घुटमळतो, पातं तापतं आणि कापायचा वेग मरतो. मग मोठीच का घेऊ नये? कारण ती तीन-चार किलोंची असते, आणि खांद्याच्या वर धरून पाच-सहा फांद्या कापल्या की दंड बोलायला लागतात. २० मिलिमीटर हा मला पटलेला मध्य आहे. १५ च्या खालची फांद्यांसाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

पण करवत कितीही चांगली असली तरी कापतं ते पातं. स्वस्त करवतीच्या डब्यात येणारी पाती बऱ्याचदा पाइप आणि पत्रा कापायची असतात, इंचाला १४ ते १८ दाते. ओल्या फांदीत ती नुसती घासतात आणि लोकांचा ग्रह होतो की मशीनमध्ये दम नाही. ओल्या लाकडाला इंचाला ५ किंवा ६ मोठे, धार लावलेले दाते हवेत. पात्याच्या मागच्या अर्ध्या इंचाच्या शेपटीचं माप बहुतेक सगळ्या कंपन्यांत सारखंच असतं, त्यामुळे स्वस्त करवतीत चांगल्या कंपनीचं पातं बिनदिक्कत बसतं. पैसे वाचवायचेत ते मशीनमध्ये वाचवा, पात्यात नाही. जुन्या खिळ्याची किंवा तारेची शक्यता असेल तिथे बायमेटल (दोन धातू जोडून केलेलं) पातं, एरवी साधं कार्बन स्टीलचं चालतं.

पात्याची लांबी ठरवताना फांदीची जाडी आणि करवतीची चाल यांची बेरीज करा आणि वर थोडं सोडा. टोक लाकडाच्या आतच राहिलं तर प्रत्येक फेरीत आपटतं, पातं वाकतं आणि हाताला झटका बसतो. १५० मिलिमीटरच्या पात्यातलं शूपुढे, म्हणजे पात्याभोवतीच्या पुढच्या धातूच्या पायापुढे, कामाला येतं ते साधारण १०० मिलिमीटर, म्हणून सात सेंटीमीटरच्या पुढे मी २२५ चं लावतो.

 शू फांदीला घट्ट टेकलाच पाहिजे. पातं मागे येताना कापतं, त्यामुळे शू टेकलेला असला की करवत स्वतःच फांदीला चिकटून राहते. अधांतरी धरलीत तर सगळी थरथर मनगटात. माझ्या करवतीत पातं उलटं, दाते वर करूनही बसतं. खालून काप घ्यायला ही सोय फार उपयोगी पडते, घेण्याआधी विचारून घ्या.

जड फांदी एका कापात उतरवायला गेलात तर ती तुटताना खोडाची साल सोलत नेते. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून तिसऱ्या हिश्शापर्यंत काप, मग थोडं पुढे वरून. वजन उतरलं की उरलेला खुंट शेवटी कापायचा. तोही खोडाला अगदी सपाट नाही, फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो त्याच्या जरासा बाहेर. झाड जखम भरून काढत नाही, ती आतून बंद करतं, हे अमेरिकी वनसेवेतल्या अॅलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात मांडलं आणि तो फुगवटा राखायचा आग्रह धरला. कापावर रंग फासायचीही गरज नाही. या करवतीचा काप हातकरवतीइतका सफाईदार येत नाही, कडेची साल फाटते. ती मी धारदार चाकूने साफ करतो. फळझाडांवर शेवटचा काप अजूनही हातकरवतीनेच घेतो.

मिनी चेनसॉ (फिरत्या दातेरी साखळीची छोटी करवत) घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. लाकडात तो नक्कीच जास्त वेगाने चालतो. पण त्याला साखळीचं तेल लागतं, साखळी ताणावी आणि घासावी लागते, आणि जमिनीलगत मातीला टेकला की धार गेलीच. मातीतली मुळं आणि बुडाशी फुटलेले धुमारे या करवतीने बिनधास्त कापता येतात. पातं बोथट झालं तर दुसरं लावायचं, एवढंच. दाट काटेरी झुडपात लांब पातं आत सरकवून बुडाशी पोचता येतं, तेही चेनसॉला जमत नाही.

तक्रारी आहेत. सलग चालवली की मोटरचं तोंड चांगलंच तापतं, मग थांबावं लागतं. थरथरीमुळे हाताला मुंग्या येतात, जाड हातमोज्याने थोडा फरक पडतो. ट्रिगर सोडल्यावर पातं क्षणभर चालत राहतं, म्हणून शिडीवरून ती एका हाताने चालवायचा विचारही करू नका. पातं बदलण्याआधी बॅटरी काढायची, आणि पातं गरम असतं हे विसरायचं नाही. चिकाने माखलेलं पातं रॉकेलच्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवला की गंजत नाही.

आधीपासून १८ व्होल्टचं ड्रिल असेल तर त्याच कंपनीची बॅटरीशिवाय मिळणारी करवत आधी बघा. नवी बॅटरी आणि चार्जर यांचेच पैसे बरेच होतात. तसं नसेल तर दुसरी बॅटरी वेगळी विकत मिळते का, याची खात्री करूनच मशीन घ्या. आणि मोटर ब्रशवाली (आतल्या फिरत्या भागाला कार्बनच्या तुकड्यांमधून वीज पोचवणारी) असेल तर तिच्या दोन बाजूंना स्क्रूची दोन छोटी गोल झाकणं दिसतात का ते पाहा. ती असली तर झिजलेले कार्बन ब्रश घरीच बदलता येतात.