वीस इन्सर्ट घेतले, एकही कार्बाइडचा नव्हता

लेथवर लाकूड कातायचं हत्यार घरी बनवणं अवघड नाही. 12 मिमीचा चौकोनी बार, टोकाला 3.3 मिमीचं भोक, त्यात 4 मिमी स्क्रूसाठी एम 4 चे आटे, मागे लाकडी मूठ. सगळी मदार असते टोकावर स्क्रूने बसवायच्या छोट्या पात्यावर, म्हणजे कार्बाइडच्या (टंगस्टन आणि कार्बनच्या अतिशय कठीण पदार्थाच्या) इन्सर्टवर, आणि तिथेच मी फसलो.

सागात सिलिका (वाळूतला कठीण घटक) असते, ती धार खाते, त्यामुळे हायस्पीड स्टीलची पटाशी सारखी ग्राइंडरवर न्यावी लागते. चौकोनी इन्सर्टचं तसं नाही. एक धार गेली की स्क्रू सैल करून फिरवायचा, चार धारा मिळतात. एका विक्रेत्याकडून व्हॉट्सॲपवर 14 बाय 14 बाय 2 मिमीचे दोन नग नमुन्याला मागवले, 240 रुपयांना एक. उत्तम निघाले. एकाच धारेवर सागाचे तीन वाडगे झाले. मग तोच म्हणाला, "वीस घ्या, 180 ला देतो. बिल हवं असेल तर 18 टक्के जीएसटी वर." मी बिल नको म्हटलं आणि 3,600 रुपये आगाऊ यूपीआय केले.

डबी तशीच, स्टिकरही तेच. पण आंब्याचा वाडगा निम्माही झाला नसेल, तोवर ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडायला लागला. लाकूडच चिवट असेल असं वाटून मी जोर दिला. हत्यार अडकलं आणि वाडगा लेथच्या चकमधून (लाकूड पकडणाऱ्या जबड्यातून) सुटून थेट तोंडावर आला. तोंडावर पारदर्शक व्हायजर घातला होता म्हणून डोळे वाचले. मला पैशांपेक्षा याचा संताप जास्त आहे. असा माल विकणाऱ्याला समोरच्याच्या जिवाचं काही वाटत नाही.

फोन केला, तर म्हणाला, "चुंबक लावून बघा, चिकटतं. कार्बाइडमध्ये कोबाल्ट असतं ना." हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच घातक. कोबाल्टमुळे कार्बाइडला चुंबक लागतं खरं, पण पोलादालाही लागतंच. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका.

माझा भाचा शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटाई मशीनवर) असतो. त्याने आधी कानस फिरवली. नमुन्याच्या नगावरून ती नुसती घसरली, नव्यावर कोपऱ्यात चरा पडला. मग साध्या ग्राइंडरला लावला, तर ठिणग्यांचा झोत उडाला. खऱ्या कार्बाइडच्या ठिणग्या अगदी थोड्या, मंद लालसर असतात. शेवटी आम्ही दोन्ही नग सराफाच्या काट्यावर ठेवले. नमुन्याचा 3.7 ग्रॅम, नवा 2 ग्रॅम. कार्बाइड पोलादाच्या जवळपास दुप्पट जड असतं, त्यामुळे वजनात लबाडी लपत नाही. ही तपासणी कोणालाही घरी जमेल. आकार तंतोतंत तोच हवा, एवढंच.

सोनेरी कोटिंगलाही भुलू नका. साध्या ड्रिलवरही तो रंग चढवतात. शिवाय धातू कातायच्या कोटिंगवाल्या इन्सर्टची धार मुद्दाम किंचित बोथट केलेली असते, ती लाकूड सोलत नाही, घासते. लाकडाचे मिळालेच नाहीत तर ॲल्युमिनियमसाठीचे, बिनकोटिंगचे, पॉलिश केलेले मागा. त्यांची धार तीक्ष्ण असते.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न बिलाचा आला, आणि माझ्याकडे बिल नव्हतं. जीएसटीचे 648 रुपये वाचवले होते, तेच आडवे आले. विक्रेत्याने दुसऱ्याच दिवशी मला ब्लॉक केलं. डबीचे फोटो, चॅट आणि यूपीआयची पावती मी जपून ठेवली आहे. तुम्हीही अशी चॅट रागाच्या भरात पुसू नका.

आता भाच्याच्या ओळखीच्या दुकानातून बिलासकट दहा नग आणले. पैसे देण्याआधी सगळे एकत्र काट्यावर ठेवले, 37 ग्रॅम भरले. त्यातल्याच एकावर परवा शिवणीच्या लाकडाचं ताट कातलं.