जोसेफ राइट यांचा इंग्रजी बोलीकोश: 'नेश' या शब्दाच्या कसोटीवर

इंग्लंडच्या बोलीतला एखादा जुना शब्द नेमका कोठे बोलला जात होता आणि तो मुळात आला कोठून, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळावीत म्हणून जोसेफ राइट यांची 'इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी' उघडली, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपेक्षेपेक्षा कितीतरी सविस्तर मिळते आणि दुसऱ्याचे मात्र जेमतेम ओळ-दोन ओळींत उरकलेले दिसते. सहा खंडांच्या आणि सुमारे 70,000 नोंदींच्या या कोशाचे हेच मोठे बळ आहे आणि हीच उणीवही आहे. 'नेश' हा शब्द घेतला की दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

डर्बीशर, नॉटिंगहॅमशर, स्टॅफर्डशर, चेशर, लँकेशर या भागांत हा शब्द आजही कानावर पडतो. जरासा गार वारा सुटताच कोट चढवून बसणारा माणूस तिथे 'नेश' ठरतो आणि त्या विशेषणात चेष्टेचा सूर असतोच. आजच्या वापरात अर्थ एवढाच उरला असला, तरी राइट यांची नोंद त्यापलीकडे जाते. मऊ, कोवळा, प्रकृतीने नाजूक, थंडी न सोसणारा, नेभळट अशा छटा तिथे वेगवेगळ्या मांडलेल्या आहेत. या कोशाची रीतच अशी की, शब्द कोणकोणत्या काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांत) आढळला ते संक्षेपांनी सांगायचे आणि प्रत्येक छटेखाली स्थानिक शब्दसंग्रह, बोलीतले लेखन आणि माहिती पाठवणाऱ्या लोकांची पत्रे यांतली वाक्ये द्यायची. त्यामुळे वस्तूच्या मऊपणापासून शरीराच्या नाजूकपणापर्यंत आणि तिथून स्वभावाच्या दुबळेपणापर्यंत अर्थ कसा सरकत गेला असावा, हे संपादकाने वेगळे न सांगताही ध्यानात येते.

व्युत्पत्तीच्या बाबतीत मात्र वाचकाला बरेचसे काम स्वतः करावे लागते. बहुतेक नोंदींच्या शेवटी चौकटी कंसात जुन्या इंग्रजीतले किंवा नॉर्समधले (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतले) मूळ रूप आणि फार तर एखादा मध्ययुगीन दाखला असतो, त्यापुढे विवेचन नसते. 'नेश'चे जुने इंग्रजी रूप 'ह्नेशे' असे होते आणि त्याचा अर्थ मऊ, कोवळा असा होता. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतला 'ह्नास्क्वुस' हा त्याचाच भाऊबंद. आरंभीचा हकार पुढे गळाला, जसा 'ह्नुतु'चा 'नट' आणि 'ह्रिंग'चा 'रिंग' होताना गळाला. मध्ययुगीन इंग्रजीत 'हार्ड' आणि 'नेश' ही विरुद्धार्थी जोडी सर्रास वापरली जाई. पुढे प्रमाण भाषेने मऊपणासाठी 'सॉफ्ट' हा जुनाच शब्द कायम ठेवला, कोवळेपणासाठी फ्रेंचमधून आलेला 'टेंडर' स्वीकारला आणि 'नेश' बोलींपुरता उरला. हा सगळा प्रवास जाणून घ्यायचा असेल, तर शेजारी ऐतिहासिक पद्धतीचा दुसरा कोश ठेवावाच लागतो.

यॉर्कशरमधल्या 'लेक' या शब्दाचेही असेच आहे. खेळणे हा त्याचा अर्थ, आणि काम नसल्याने रिकामे बसणे हा गिरण्या-खाणींच्या प्रदेशात रुजलेला दुसरा अर्थ. मूळ नॉर्समधले 'लेइका'. (डेन्मार्कच्या 'लेगो' या खेळण्याच्या नावातही हाच धातू दडलेला आहे.) स्वतः राइट त्याच प्रदेशातले. 1855 मध्ये ब्रॅडफर्डजवळ जन्मलेला हा माणूस लहानपणी दगडखाणीत आणि मग सॉल्टेअरच्या गिरणीत कामाला होता, पंधराव्या वर्षाच्या सुमारास वाचायला शिकला आणि पुढे हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळवून ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. बोलीभाषा म्हणजे बिघडलेली प्रमाण भाषा, असा तुच्छतेचा सूर या कोशात कोठेही उमटत नाही, त्याचे कारण बहुधा या पार्श्वभूमीतच असावे. पुरेसा पुरावा न मिळालेल्या शब्दांची यादी त्यांनी वेगळी छापली, हा काटेकोरपणाही विशेष उल्लेखनीय वाटतो.

1898 ते 1905 या काळात निघालेले छापील खंड वापरायला सोपे नाहीत. काउंट्यांचे संक्षेप अंगवळणी पडेपर्यंत नोंद वाचणे जिकिरीचे होते, उच्चार राइट यांच्या स्वतःच्या चिन्हपद्धतीत दिलेले आहेत, आणि बोलीतल्या शब्दाला ठरलेले लेखन नसल्यामुळे तो कोणत्या अक्षराखाली शोधावा हाच प्रश्न पडतो. इन्सब्रुक विद्यापीठात मानफ्रेड मार्कुस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ऑनलाइन आवृत्तीने ही अडचण बरीच हलकी केली आहे. तिथे शीर्षशब्दाखेरीज नोंदीच्या आतल्या मजकुरातही शोध घेता येतो आणि एखाद्या काउंटीपुरती छाननी करता येते. केवळ एका शब्दाचा अर्थ हवा असणाऱ्याला या सोयी सुरुवातीला गोंधळात टाकतील, पण अभ्यासकाने छापील खंडांऐवजी हीच आवृत्ती निवडावी.

एक मर्यादा मात्र ऑनलाइन आवृत्तीतही कायम राहते. कोशातला 'आज' हा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा आहे, त्यामुळे त्यात 'प्रचलित' दाखवलेला शब्द पुढे टिकला की नाही, ते त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी निदान हॅरल्ड ऑर्टन आणि ऑयगेन डीट यांनी आखलेले, 1950 ते 1961 या काळात इंग्लंडमधल्या 313 ठिकाणी झालेले लीड्स विद्यापीठाचे बोली-सर्वेक्षण जोडीला घ्यावे लागेल.