ट्रेलरचे ‘नवे’ टायर आठ वर्षांचे निघाले

एप्रिल २०२३ मध्ये मी बोटीच्या ट्रेलरचे दोन्ही टायर बदलले. जुन्यांच्या कडांना बारीक भेगा पडल्या होत्या. डेट्रॉइटबाहेरच्या एका छोट्या दुकानात गेलो, तो नीट माहिती काढूनच. साइज २०५/७५ आर १४. त्याआधी ‘एसटी’ ही अक्षरं हवीत, म्हणजे टायर खास ट्रेलरसाठी बनवलेला. कारचा टायर त्याच रिमवर बसतो, पण त्याची बाजू मऊ असते. लोड रेंज ‘सी’, म्हणजे ५० पीएसआय हवेवर एक टायर १७६० पौंड पेलतो. बोट, मोटर, पेट्रोल आणि ट्रेलर धरून एकूण वजन ३००० पौंडांच्या आतच. दुकानदाराने दाखवलेल्या टायरवर हे सगळं जुळत होतं. रबर काळंभोर, त्यावरचे केसासारखे तंतूही शाबूत. “अगदी नवे आहेत,” तो म्हणाला. बसवणावळ धरून २६० डॉलर दिले.

जुलैत होटन लेकला निघालो. आय-७५ महामार्गावर बे सिटी मागे पडली होती, वेग ताशी साठ मैलांच्या आसपास, हवा सकाळीच तपासलेली. मुलगी ओरडली, “बाबा, मागे काहीतरी उडालं!” डाव्या टायरचा वरचा पट्टा सालासारखा सोलून निघाला होता. त्याने फेंडर फाडला, दिव्यांच्या वायरी तोडल्या. ट्रेलर हेलकावे खात असताना गाडी कशी कडेला घेतली ते मलाच ठाऊक. मदत येईपर्यंत दोन तास बायको मुलीला घट्ट धरून गवतात उभी होती आणि शेजारून ट्रक सुसाट जात होते. माझा राग त्या दोन तासांचा आहे, पैशांचा नाही.

चाक काढल्यावर टायरच्या आतल्या बाजूला डॉट नंबर दिसला, म्हणजे टायर कधी बनला ते सांगणारा, रबरावर उठवलेला नंबर. शेवटचे चार अंक २२१५, म्हणजे २०१५ सालचा बाविसावा आठवडा. उजव्या टायरवरही तेच. हा पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो; दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा तारीख नसते. माझ्या दोन्ही टायरची तारखेची बाजू आत वळवून बसवली होती. एकाची असती तर योगायोग म्हटला असता. रबर न वापरता पडून राहिलं तरी म्हातारं होतं, आणि ते वरून दिसत नाही.

दुकानदार म्हणाला, “विकले तेव्हा न वापरलेलेच होते ना?” पावतीवर फक्त ‘दोन ट्रेलर टायर’. खरं तर इथे टायर विकणाऱ्याने तो नंबर भरलेला नोंदणी फॉर्म ग्राहकाला द्यायचा असतो, नाहीतर स्वतः नोंदणी करायची असते. कंपनीने टायर परत मागवले तर ग्राहकाला कळावं म्हणून. त्याने यातलं काहीच केलं नव्हतं, आणि मीही मागितलं नव्हतं.

या वेळी टायर रिमवर चढण्याआधीच चारही अंक वाचले, फोटो काढला, पावतीवर नंबर लिहून घेतला. स्टेपनीही घेतली आणि तिचेही अंक पाहिले. तुमचा ट्रेलर दारात उभा असेल तर आजच टॉर्च घेऊन चाकाच्या आतल्या बाजूला बघा. उजवा टायर मी फेकलेला नाही. जवळपासच्या कुणाला अंक कुठे असतात ते प्रत्यक्ष पाहायचं असेल तर या, दाखवतो.