"सोबतचा माणूस चोरी करताना दिसला तर?" मुलाखतीतली दोन उत्तरं आणि कोणतं कुठे चालतं

सराफाचं काउंटर, जिनिंग (कापसातून सरकी काढणारा कारखाना), पेट्रोल पंप, पतसंस्था, फायनान्स कंपनीची वसुली. माल किंवा रोकड हातातून जाणारी कोणतीही नोकरी घ्या, हा प्रश्न येतो. जळगावच्या सराफ बाजारात मालक स्वतः विचारतो, एमआयडीसीत एचआरवाला विचारतो. उमेदवाराच्या मनात साधारण दोन उत्तरं असतात: "लगेच साहेबांना सांगेन" किंवा "आधी त्यालाच समजावेन". दोन्हींचे फायदे-तोटे वेगळे आहेत.

"साहेबांना सांगेन"

हे उत्तर सुरक्षित आहे, पण एवढ्यावर थांबलात तर पाठ केलेलं वाटतं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "नेमकं कोणाला? काय सांगशील?" बरेच जण इथेच अडकतात. उत्तरात चार गोष्टी आल्या पाहिजेत. डोळ्यांनी काय पाहिलं (वेळ, जागा, कोणता माल, किती). त्याच पाळीत, एकांतात, थेट वरिष्ठाला सांगणार. वरिष्ठच सामील दिसला तर मालकाला किंवा एचआरला. आणि सांगून झाल्यावर चहाच्या टपरीवर विषय काढणार नाही. बोलायला अर्धा मिनिट पुरतो.

"त्याच पाळीत" का, हेही सांगता आलं पाहिजे. कॅमेऱ्याची हार्डडिस्क भरली की बहुतेक यंत्रं जुनं चित्रीकरण पुसून त्यावर नवं घेतात. दिवस उलटत गेले तर तुमच्या शब्दाशिवाय हातात काही उरत नाही.

जोशात "मी त्याची पिशवी तपासेन" किंवा "सगळ्यांसमोर जाब विचारेन" असं बोलू नका. झडती घेणं तुमचं काम नाही. आरोप खोटा ठरला तर बदनामीची तक्रार तुमच्यावरच उलटते, आणि मालकालाही दुकानात गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको असतो.

"आधी त्यालाच समजावेन"

ऐकायला माणुसकीचं आहे. मालकाच्या कानाला मात्र ते असं ऐकू येतं: हा चोराला सावध करणार, माल जागेवरून हलणार, आणि कळूनही हा गप्प बसणार. पुढे प्रकरण उघडं पडलं की "तुला माहीत होतं ना?" हा प्रश्न तुमच्याकडेच येतो.

हे उत्तर चालतं ते चुकीसाठी: पावतीवर वजन चुकलं, बिलात भाव जुना लागला, नोंद राहिली. अशा वेळी सोबत्याला आधी सांगणंच बरोबर, नाहीतर तुम्ही चुगलखोर ठरता. चूक आणि चोरी यांतला फरक समजतो हे दाखवलंत, तर हेच उत्तर पहिल्यापेक्षा वजनदार होतं.

या फरकावर एक हुकमी सापळा लावतात: "गल्ल्यातून पाचशे घेतले, संध्याकाळी परत टाकले. चोरी का?" न विचारता घेतले असतील तर हो. कार्यालयातली फाईल तात्पुरती बाहेर नेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच म्हटलं आहे की मालकाचं नुकसान कायमचं असावं लागत नाही. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोकराने मालकाच्या मालाची केलेल्या चोरीला (कलम ३०६) ७ वर्षांपर्यंत. मुलाखतीत कलमं म्हणून दाखवू नका. "न विचारता घेतले म्हणजे चोरीच" एवढं पुरे.

संशय असेल तर दोन्ही उत्तरं चुकतात

माल कमी भरला म्हणजे चोरी झाली असं नसतं. कापूस वाळला की वजन उतरतं, सोनं गाळताना घट येते, केळीही तोडल्यापासून वजन सोडत जाते. म्हणून जिनिंगमध्ये किंवा रावेर-यावलकडच्या केळीच्या कामात चांगलं उत्तर असं: "नाव कोणाचंच घेणार नाही. काट्याची पावती आणि गेटपास यांतली तफावत दिवाणजींना दाखवेन." कापसाची साधारण १७० किलोची गाठ कोणी खिशात घालून नेत नाही, तिथे चोरी कागदावर होते. सराफाकडे उलट आहे: दागिना मुठीत मावतो, सकाळ-संध्याकाळ ट्रे मोजतात. तिथे नग कमी दिसला तर "पावती जुळवतो" म्हणत वेळ घालवणारा माणूस त्यांना नको असतो. मोजणी थांबवून तिथल्या तिथे सांगायचं.

आपल्याकडचा खास प्रश्न वेगळाच: "चोरी करणारा तुझ्या मामाचा पोरगा निघाला तर?" खान्देशात नोकरी बहुधा कोणाच्या तरी ओळखीनेच लागते, त्यामुळे तो काल्पनिक नसतो. "नातं बघणार नाही" हे छातीठोक उत्तर कोणी खरं मानत नाही. त्यापेक्षा: "आमचं नातं आहे हे आधी सांगेन, मग जे पाहिलं ते सांगेन, आणि चौकशीत मला ठेवू नका म्हणेन." मालक मध्येच अहिराणीवर आला आणि "काय शे ते खरं सांग" म्हणाला, तर तुम्हीही मोकळं बोला, पण उत्तर तेच राहू द्या.

"तुम्ही स्वतः कधी काही घेतलंय?"

"कधीच नाही" आणि छोटी कबुली, यांत आमचा कौल कबुलीला, फक्त ती खरी, जुनी आणि बिनपैशाची असावी: कंपनीचा पेन घरी गेला, मुलाच्या फॉर्मची झेरॉक्स ऑफिसात काढली. काही लेखी चाचण्यांत "मी आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही" अशी वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात. सगळ्यांवर "हो" टिकलं की बाकीच्या उत्तरांवरचाही भरवसा जातो. आधीच्या ठिकाणी रोकड कमी भरल्यावरून नोकरी सुटली असेल तर ते लपवू नका. किती कमी होती, भरून दिली का, चौकशीत काय ठरलं, हे तीन वाक्यांत तुम्हीच आधी सांगा, कारण तुम्ही दाराबाहेर पडताच जुन्या मालकाला फोन लागलेला असतो.