"खातं बदललंय, नवीन खात्यावर पाठवा": ५,४५,१६० रुपये गेले

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ऑफिसातली जुनी मशीन विंडोज ११ घेईनात. म्हणून १२ लॅपटॉप, प्रत्येकी ३८,५००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,४५,१६०. सप्लायर जुना, कोटेशन त्याचंच. पैसे मात्र भलत्याच्याच खिशात.

पेमेंटच्या दिवशी सकाळी कोटेशनच्याच मेलखाली उत्तर आलं: "ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, सोबतच्या खात्यावर आरटीजीएस करा." खाली आमचा सगळा जुना पत्रव्यवहार, रॅमवरून केलेली घासाघीससुद्धा. म्हणजे कुणीतरी सप्लायरचा मेलबॉक्स आधीपासून वाचत होतं. मेल आयडीत फक्त 'एम'च्या (m) जागी 'आर' आणि 'एन' (rn) चिकटून बसलेले, लांबून एकच दिसतात. महिनाअखेर, बाजूला पगाराची शीट उघडी, डोक्यावर साहेब "आजच पाठव, रेट वाढेल" म्हणत उभे. ज्याला अशा वेळी ते दिसतं त्याने खुशाल मला अक्कल शिकवावी.

पण ते नाव! आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस-एनईएफटीला खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय करायला लावली आहे. स्क्रीनवर नाव आलंही. फर्मचं नाही, कुणा बाईचं. मी 'कन्फर्म' दाबलं, कारण निम्मे व्यापारी बायकोच्या नावावर धंदा करतात हे मी रोज बघतो. तुम्ही दाबू नका. फोन करा, आणि तोही मेलमधल्या नंबरवर नव्हे, जुन्या बिलावरच्या.

दुसऱ्या दिवशी सप्लायरनेच विचारलं, "पेमेंट कधी करताय?"

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लागेना. लागला तेव्हा तक्रार नोंदली, बँकेत जा म्हणाले. बँक म्हणे, ओटीपी तुम्हीच टाकलाय, आमचा संबंध नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणे, आधी बँकेचं स्टेटमेंट सही-शिक्क्यासह आणा. ते नेलं तर, हे सायबरचं काम. सायबरवाले म्हणे, ज्या खात्यात पैसे गेले ते दुसऱ्या राज्यातलं, हद्द आमची नाही. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची असं लिहिलंय! हे मी सांगितलं तर हवालदार म्हणाला, "वकील आहात का?" रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं तर आधी बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस थांबा. चोराला मात्र एक दुपार पुरली. तक्रारीचा पोचक्रमांक लगेच मागून घ्या, नंतर सगळे तोच विचारतात.

त्या खात्यात ४१,२०० रुपये गोठवलेत. ते सोडवायची खटपट वेगळीच.

सप्लायर म्हणतो, मला पैसे मिळालेच नाहीत, लॅपटॉप हवे तर पुन्हा भरा. मेलबॉक्स त्याचा फुटला, ही गोष्ट तो सोयीने गिळतो. आणि परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, दरमहा पगारातून किती कापलेले चालतील.